घरगाडीतली येळवस

मार्गशीर्ष अर्धा सरला की आमच्या गल्लीत एक माणूस सकाळी सकाळी गाडी धुवायला काढतो. चाकं घासतो, काचा पुसतो, आतल्या गाद्या उन्हात टाकतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून यंदा कुठं कुठं जायचं ते सांगतो. हा माणूस माझा नवरा आहे. गाडी मात्र माझी नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं गैरसमज नको. लातूरच्या ह्या थंडीत बोटं आखडतात, पण ह्यांना गार पाण्याचं काही वाटत नाही, गुणगुणत धुतात. मी खिडकीतून बघते आणि पडदा ओढून घेते. त्या गाडीतून मी हिंडले त्या हिवाळ्याला तीन वर्षं झाली, तरी ती गाडी दिसली की माझं डोकं तापतं.

तसे हे दिवस किती चांगले. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, सकाळी तिच्यातून चाललं की पानांवरचं दव पायावर पडतं आणि अंगावर काटा येतो. हरभऱ्यावर आंब धरते. पहाटे त्यावरून फडकं फिरवून पिळलं की आंबट पाणी निघतं, ते बाटलीत भरून ठेवायचं, पोट दुखलं की द्यायचं. तुरीच्या शेंगा भरतात, करडईला काटे येतात, आणि दुपारी बांधावर टेकलं की पाठीला ऊन असं लागतं की उठू वाटत नाही. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. औशाच्या वाटेवर आमचं शेत होतं. कागदावर ह्यांचं, भावकीच्या वाटणीत आलेलं. पण हे वीज मंडळात. आज नांदेड, उद्या मुदखेड, परवा उमरी. शेताचं तोंड वर्षातून एकदा बघायचे, येळवशीच्या सणाला, तेही जेवणापुरतं. पेरणीला मी, खुरपायला मी, राखणीला मी. लातूरहून जीपमध्ये कोंबून जायची आणि दिवस मावळायला परत यायची. मला कुणी कर म्हणालं नव्हतं. मला आवडायचं, एवढंच.

ह्यांची नोकरी संपली, त्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट. एके दिवशी दारात गाडी येऊन उभी राहिली. पूर्वी शाळेची पोरं वाहणारी टेम्पो ट्रॅव्हलर, नांदेडच्या एका गॅरेजातून आतून-बाहेरून बदलून आणलेली. आत झोपायला फळी, भांड्यांना कप्पे, एक शेगडी, टपावर सोलरची पाटी. पुढं झेंडूचा हार. हे म्हणाले, ओवाळ. मी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, शेजारणींना पेढे दिले. मग विचारलं की कुणाची गाडी. म्हणाले, आपली, आता सगळा मुलूख बघायचा, हॉटेल नको, कुणाच्या घरी उतरायला नको, घरगाडी आहे ही. मी म्हटलं, पैसा कुठून आणला. तर हातातला पेढा तोंडात टाकत म्हणाले, "ते औशाचं ओझं एकदाचं काढून टाकलं."

ओझं. ज्या रानाला मी लेकरासारखं बघितलं त्याला हा माणूस ओझं म्हणाला, आणि तेही तोंडात पेढा असताना. मी ताट हातात घेऊन तशीच उभी. शेजारणी बघून राहिल्या होत्या, म्हणून आत आले.

मग गेलीस कशाला त्या गाडीत, असं माझी बहीण अजून विचारते. विचारायला काय जातंय. शेत गेल्यावर सकाळी उठून जायला मला दुसरी जागा नव्हती. आणि घरात बसून ह्यांचं नाव घेऊन भांडी आपटण्यापेक्षा ह्यांच्यासमोर आपटलेली बरी, असंही मनात होतं.

आता ह्यांची जाळ वाचवायची विद्या सांगते. गाडीत एक लहान सिलिंडर, आणि ते सगळ्या हिंडण्याला पुरवायचं, अशी ह्यांची पैज, स्वतःशीच लावलेली. आयुष्यभर लोकांची लाईट घालवली, आता माझ्या शेगडीवर आले. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा, वारं लागू नये म्हणून. पातेल्यावर झाकण नसेल तर काडी ओढायची नाही. भांड्याच्या बुडाबाहेर जाळ आलेला दिसला की माझ्या खांद्यावरून एक हात यायचा आणि बटण बारीक करायचा. डाळ-तांदूळ सकाळी निघतानाच भिजत घालायचे. डाळ, भात, बटाटा, सगळं एकाच कुकरात डब्यावर डबा ठेवून. आणि कुकरची एकच शिट्टी. शिट्टी झाली की गॅस बंद, कुकर उचलायचा आणि पेटीत ठेवायचा. पेटी म्हणजे थर्माकोलची, दवाखान्यात औषधं येतात तसली, आत सगळीकडून जुन्या गोधड्या कोंबलेल्या. माझ्या सासूच्या हातच्या गोधड्या होत्या त्या. त्यांत कुकर गुंडाळून वरून झाकण लावलं की गाडी पुढं निघायची, आणि आतल्या आत खिचडी शिजत राहायची.

खोटं कशाला बोलू, शिजायची. मुदखेडला रेल्वे फाटकापाशी गाडी थांबवून दुपारी पेटी उघडली तर वाफ अशी अंगावर आली की चष्मा धुरकटला. दाणा न् दाणा मऊ. हे माझ्याकडं असं बघत होते की आता ही काहीतरी बोलंल. मी लोणचं वाढलं. माणूस बरोबर असला की जास्त राग येतो, हे मला त्या फाटकापाशी कळलं.

चहाचंही तेच. सकाळी एकदाच करायचा, थर्मासात भरायचा आणि दिवसभर प्यायचा. थर्मासातला चहा दुपारपर्यंत कसा होतो ते ज्यानं प्यायला त्यालाच ठाऊक. रंग चहाचा, वास झाकणाचा. चहा करताना जो वास गाडीभर पसरायला पाहिजे, आलं ठेचल्याचा, पत्ती उकळल्याचा, तो ह्यांच्या हिशेबात फुकट गेलेला जाळ. अंघोळीचं पाणी काळा रंग दिलेल्या डब्यात टपावर ठेवायचं आणि ऊन येईस्तोवर पारोसं बसायचं. ऊन नाही आलं तर तोंड धुऊन भागवायचं. एकदा तर रताळी चांदीच्या कागदात गुंडाळून इंजिनावर ठेवली. ती भाजली की नाही ते आठवत नाही, डिझेलचा वास तेवढा आठवतो.

आणि भाकरी बंद. हे मात्र मी विसरणार नाही. तवा तापवायला जाळ, भाकरी टाकायला जाळ, फुगवायला जाळ, असं सांगून ह्यांनी भाकरी बंद केली. ज्वारीच्या मुलखात जन्मलेला माणूस. बाहेर दोन्ही अंगाला ज्वारी उभी, कणसं बाहेर डोकावून राहिलेली, आणि आत आम्ही नांदेडच्या बेकरीतला पाव खिचडीबरोबर खातोय. माझ्या हातांना सवय होती थापायची. दुपार झाली की हात शिवशिवायचे. पिठाचा गोळा नाही, परात नाही, बोटांना पाणी नाही. एकदा मी न सांगता भाकरीला बसले तर हे गाडीच्या दारात येऊन घड्याळ बघत उभे. पहिली भाकरी तव्यावरून उतरायच्या आत मी उरलेलं पीठ डब्यात परत ओतलं. ती एक भाकरी मीच खाल्ली, ह्यांना तुकडा दिला नाही.

उमरीकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरकाट्यांचे ढीग लागलेले. तूर काढून झालेली, वाळलेल्या काट्या रचून ठेवलेल्या, वर्षभर जाळल्या तरी संपायच्या नाहीत इतक्या. माझ्याही बांधावर असाच ढीग असायचा. गरज पडली त्या बाईनं न्यावा, मी कधी अडवलं नाही. आणि आता मी एका लहानशा निळ्या जाळाशेजारी बसून त्याच्यावर नवऱ्याचा पहारा सोसत होते. तेव्हा मला हा सगळा घोळ पहिल्यांदा नीट दिसला. जाळ कमी कधीच नव्हता. ह्यांनी आधी चूल मोडली, चुलीची जमीन विकली, आणि मग जाळ वाचवायची हुशारी मला शिकवायला निघाले. दात कोरून पोट भरत नसतं म्हणतात, इथं तर पोटच विकून दात कोरणं चाललं होतं.

हे मात्र खूश. तेच मला सहन होत नव्हतं. जिथं नोकरी केली त्या गावांना गाडी न्यायची, जुने सोबती बोलवायचे, पेटी उघडून दाखवायची. लोक वाहवा करायचे. मुदखेडला एकांनी तर पेटीचं माप घेतलं. त्यांची बायको माझ्याबरोबर मागं फळीवर बसली होती. सगळं बघून झाल्यावर तिनं हळूच विचारलं की करमतं का वो तुम्हाला हिच्यात. मी न्हाई म्हणाले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. ह्या मुलखातल्या बाईला जास्त सांगावं लागत नाही.

येळवस जवळ येत चालली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगते. त्या दिवशी आमच्या बाजारपेठेत शटर उघडत नाही, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळं गाव शेतात. ज्याचं शेत नाही तो कुणाच्या तरी शेतात. ज्वारीत कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना निवद दाखवायचा आणि आंबील शेतभर शिंपडायची. ती आंबील आदल्या दिवशीच करून माठात आंबवायची असते. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि सगळ्यांवर भज्जी. तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, गाजर, शेंगदाणे, जे जे त्या दिवसांत हिरवं आहे ते एका मोठ्या पातेल्यात घालायचं, चिंच आणि बेसन लावायचं आणि दमानं रटरटत ठेवायचं. हलवत राहायचं. घट्ट होईस्तोवर बाईनं पातेल्यापासून हलायचं नाही. आणि मग बांधावर उभं राहून वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची, ओळखीचा असो नसो, या जेवायला.

त्या हाकेत काय असतं ते हाक मारणारालाच कळतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून मारत आले. येळवशीला जेवणाराकडं शेत नसलं तरी चालतं, पण हाक मारणाराकडं पायाखाली स्वतःची जमीन लागते. मी आयुष्यभर हाक मारणारांतली. आता कुठल्या तोंडानं दुसऱ्याच्या बांधावर पान मांडून बसू. शेत गेलं तर गेलं, पण त्या दिवशी माझ्या हातची भज्जी चार परक्या माणसांच्या पानात पडली पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं. त्याच्यावर माझा जीव अडकला होता. हसणाऱ्यानं हसावं.

उमरीला मी विषय काढला. हे म्हणाले, इकडं आपल्यासारखी येळवस करत नाहीत, राहू दे यंदा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लातूरहून निघून हे बरोबर ह्या दिवसांत गोदावरीच्या पलीकडं का घेऊन आले होते. येळवशीचा जोर आमच्या बाजूला, तिकडं देगलूर-मुखेडाला, कर्नाटकाच्या कडेला. इकडं आणून ठेवलं की ही विचारायची नाही, असा बेत. मी म्हणाले, गाडी वळवा. हे म्हणाले, डिझेल झाडाला लागत नाही. मी शेगडीकडं पाठ केली आणि फळीवर पडून राहिले. खिचडी नाही, चहा नाही, बोलणं नाही. हे स्वतः कुकर लावायला गेले, शिट्टी कधी झाली ते कळलं नाही, करपल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला गाडी देगलूरच्या वाटेला लागलेली होती. तरी मी बोलले नाही. वळवली म्हणजे उपकार केले नव्हते.

देगलूरच्या बाजारात तीन भाषा एकदम कानावर पडतात. भाव मराठीत, घासाघीस कानडीत, शिवी तेलुगूत. मी पिशवी भरून ओले दाणे घेतले, पाला घेतला, कोवळी गाजरं घेतली. भाजीवाल्या बाईनं विचारलं की कुणाच्या शेतात. मी उत्तर न देता पुढं गेले. मन इतकं आंबट झालं होतं की दुसऱ्या आंबिलीची गरज नव्हती. तरी आंबील केली, कारण ती करायचीच असते.

येळवशीच्या सकाळी गाडी गावाबाहेर एका लिंबाखाली उभी होती. धुकं उतरत होतं. समोरच्या ज्वारीतून बैलगाड्या, मोटरसायकली, ट्रॅक्टर, बायकांच्या डोक्यावर जेवणाच्या डाला, पोरांच्या हातात पतंग, सगळी गडबड शेताकडं चाललेली. मी मोठं पातेलं काढलं, शेगडीवरचा पत्र्याचा आडोसा उचलून बाहेर फेकला आणि बटण पुरतं फिरवलं. जाळ पातेल्याच्या पोटाला लागला. कितीतरी दिवसांनी मोठा जाळ बघितला. दाणे उकळले, पाला दबला, चिंच घातली, बेसन कालवून लावलं आणि हलवायला लागले. तेवढ्यात खांद्यावरून तो हात आला. बटण बंद.

हे म्हणाले, अर्धं शिजलंय, बाकीचं पेटीत शिजेल, खिचडी शिजती तर भज्जी का नाही शिजणार. मी म्हणाले, बेसन लावलंय, हलवलं नाही तर खाली गोळा होईल, वर पाणी राहील, कच्चा वास येईल. हे म्हणाले, तू एकदा करून तर बघ. सिलिंडरची नळी ह्यांनी काढून हातात घेतली होती. मी पातेल्याकडं बघत उभी राहिले. अर्धी कच्ची, अर्धी पक्की भज्जी.

आणि नेमकी तेव्हा समोरच्या शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून हाक आली. एक बाई, डोक्यावर पदर, कमरेला हात देऊन उभी. "बर्री अक्का, बर्री. या जेवायला, तुमी बी या भाऊ."

ह्यांचा चेहरा फुलला. आणि मग हे जे बोलले ते मी मरेस्तोवर विसरणार नाही. म्हणाले, "झालं काम. आज तर गॅसच लागत न्हाई बघ."

इतक्या वर्षांचा संसार, आणि माणसाला येळवशीची हाक म्हणजे वाचलेला गॅस वाटली. ज्या हाकेसाठी मी आयुष्यभर बांधावर उभी राहिले, ती ह्यांच्या लेखी फुकटचं जेवण. माझ्या बांधावर येऊन जे जेवून गेले, त्यांनाही हे मनातून फुकटे समजत असतील. शेत विकताना ह्यांचा हात का अडला नाही ते मला तेव्हा कळलं. ह्यांना तिथं फक्त खर्च दिसत होता. मला रडू आलं नाही. राग इतका होता की त्याला डोळ्यांतून वाट पुरली नसती.

मी साडीच्या पदराची चुंबळ केली, ते गरम पातेलं डोक्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडून निघाले. हे मागून नळी हातात घेऊन. धुऱ्यावरची ती बाई पुढं आली, नागरबाई तिचं नाव. मी तिला म्हणाले, "जेवायला येते, पण आधी तुमच्या चुलीवर जागा द्या. माझी भज्जी कच्ची हाय."

नागरबाईनं काही विचारलं नाही. तीन दगडांच्या चुलीवर तिची खीर गरम होत होती, ती तिनं खाली उतरवली आणि माझं पातेलं वर घेतलं. मग मूठभर तुरकाट्या मोडून आत सारल्या. ओल्या मातीवर पसरलेल्या राखेतून आधी धूर आला, मग कडाड आवाज करून काट्या पेटल्या, आणि जाळ पातेल्याच्या काठापर्यंत चढला. कुणी बारीक केला नाही. मी उकिडवी बसून हलवत राहिले. तोंडाला धग लागत होती, पाठीला गार वारं, नाकात तुरकाट्यांचा गोडसर धूर. भज्जी घट्ट होत आली, फटफट फुटायला लागली, थेंब हातावर उडाला तो मी चाटला. मीठ बरोबर होतं. त्या थोड्या वेळात मला कुणाचाही राग आला नाही, हे कबूल करते. तेवढाच वेळ.

कोपीपाशी नागरबाईचे मालक, हणमंतराव, पांडवांपुढं पानं मांडत होते. त्यांनी रीतीप्रमाणं ह्यांना विचारलं की पाव्हनं, आपलं शेत कुठं. हे चटकन म्हणाले, "लातूरकडं हाय, औशापाशी. जरा लांब पडलं म्हणून यंदा जमलं न्हाई."

हाय म्हणाले. होतं नाही, हाय. विकताना ओझं होतं, आणि परक्यासमोर मिरवायला मात्र शेत पाहिजे. माझा हलवायचा हात थांबला.

"न्हाई," मी म्हणाले. "शेत न्हाई आता आमाला. ह्यांनी इकलं, मला न इचारता. तिथं मी लोकांना जेवू घालायची. आज तुमच्या बांधावर आलेय."

हे हसायचा प्रयत्न करत म्हणाले की बायकांचं काय, मनाला लावून घेतात. हणमंतराव खाली बघून पान सारखं करत राहिले. नागरबाई उठली, माझ्या पातेल्यातून पळीभर भज्जी काढून वाटीत घेतली आणि मालकाच्या हातात दिली. "अवो, निवदाला आदी अक्काची भज्जी घ्या," म्हणाली. "मग आपली."

पांडवांपुढं माझी भज्जी आधी ठेवली गेली. मग नागरबाईनं पळी माझ्या हातात देऊन मला वाढायला लावलं. वाटेनं दोन माणसं चालली होती, तिनं मला खूण केली आणि मी हाक मारली. ती आली, बसली, जेवली. माझ्या हातची भज्जी चार परक्या पानांत पडली. मला पाहिजे होतं ते मिळालं. लोक गोष्ट सांगताना इथं थांबतात आणि डोळे पुसतात. माझा तर राग इथून खरा सुरू झाला. एका परक्या बाईनं मला नाव-गाव न विचारता मान दिला. तिला काय पडलं होतं. आणि माझ्या घरच्या माणसाला सही करायच्या आधी एक शब्द विचारता आला नव्हता. जे इतकं सोपं होतं, एवढ्याशा वाटीएवढं, ते ह्यांनी केलं नाही. हे तिथं भज्जी मागून मागून खात होते. छान झालीय म्हणत होते. मी वाढत होते, पण ह्यांच्या पानाकडं बघत नव्हते.

निघताना नागरबाईनं तुरकाट्यांची एक मोळी गाडीत टाकायला दिली. ह्यांनी ती घेतली नाही, गाडीत काट्या नकोत म्हणाले, फाटेल सगळं.

लातूरला उतरले ती त्या गाडीत परत पाय ठेवला नाही. लोकांना वाटलं महिन्याभरात राग जाईल. राग कुठं जातो. तो जमिनीत गेला. मागच्या गल्लीतल्या एका बाईंचं रान औशाच्याच वाटेवर पडीक पडलं होतं, पोरं पुण्याला, बघायला कुणी नाही. मी ते बटईनं घेतलं. निम्मं पीक त्यांचं, निम्मं माझं, राबणं सगळं माझं. जुन्या शेतापासून दोन हाकांवर आहे. तिकडं मी बघत नाही. ह्या वर्षी ज्वारी अशी आलीय की आत शिरलं तर माणूस दिसत नाही. हरभरा फुलावर आहे. बांधाला मी चूल मांडलीय आणि दुपारी भाकऱ्या करते. जाळ किती लागतो ते मला माहीत नाही, मी बघतच नाही.

त्यानंतरचे दोन हिवाळे हे एकटेच हिंडून आले. यंदाही गाडी निघाली आहे. परवा दुपारी मी कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या निवडत होते, तर रस्त्यावर हॉर्न वाजला. हे गाडीतून उतरले. रानात आले नाहीत, धुऱ्याच्या पलीकडंच उभे राहिले. ज्वारी चांगली आलीय म्हणाले. मी हो म्हणाले. मग बराच वेळ चपलेनं ढेकूळ फोडत राहिले. येळवशीला कोप बांधायला येतो, म्हणाले, निवद तर घरच्या माणसानंच दाखवायचा असतो. मी म्हणाले, कोप मी बांधते आणि निवदही मीच दाखवणार आहे.

"मग मी कुठं जायचं त्या दिवशी?" ह्यांनी विचारलं.

ह्या माणसानं मला काहीतरी विचारलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी हातातली पेंढी खाली ठेवली आणि सावकाश उत्तर दिलं.

"ह्याच रस्त्यानं गाडी काढा. वाटसरू दिसला की मी हाक मारते. तुम्हालाही मारीन."